शेतांतील फवारा आणि छातींतील बुरशी

पावसाळ्याच्या दिवसांत घरोघरीं एक पाहुणी न बोलावतां येते. टोपलींत विसरलेल्या लिंबावर ती हिरवट पूड धरते, कपाटांतील चामड्याच्या पट्ट्यावर पांढरा थर चढविते, लोणच्याच्या बरणींत ओला चमचा गेला होता हें चार दिवसांनीं सांगून टाकते आणि ओल आलेल्या भिंतीवर काळे ठिपके काढून ठेवते. घरांतील माणसें तिला बुरशी म्हणतात व फडक्यानें पुसून मोकळीं होतात. यापलीकडे बुरशीचा विचार करण्याची वेळ सुशिक्षित कुटुंबांवर फारशी येत नसे. ती आली सन २०२१ च्या उन्हाळ्यांत.

कोविडच्या दुसऱ्या लाटेंतून उठलेल्या कित्येक रुग्णांना, विशेषतः ज्यांना मधुमेह होता आणि ज्यांना उपचारांत स्टेरॉइड औषधें द्यावीं लागलीं होतीं त्यांना, नाक, डोळा व जबडा पोखरणाऱ्या एका बुरशीनें गांठलें. रोगाचें शास्त्रीय नांव म्युकरमायकोसिस. वर्तमानपत्रांनीं त्याला 'काळी बुरशी' म्हटलें. जुलै २०२१ पर्यंत देशांत ४५,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें आघाडीवर होतीं. अँफोटेरिसिन या औषधाच्या कुप्या मिळविण्यासाठीं नातेवाईक शहरभर वणवण फिरले. पुढें साथ ओसरली, वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळाले, आणि बुरशी पुन्हां लोणच्याच्या बरणीपुरती उरली. पण त्या उन्हाळ्यानें मागें ठेवलेला एक प्रश्न मात्र तसाच राहिला. बॅक्टेरियांवर औषधांची एवढी रेलचेल असतां बुरशीवर औषधें इतकीं थोडीं कां?

याचें उत्तर नात्यागोत्यांत आहे. बॅक्टेरिया हे माणसाचे फार दूरचे आप्त. त्यांच्या पेशीची घडण इतकी निराळी कीं पेनिसिलिनसारखें औषध त्यांच्या पेशीची भिंत पाडतें आणि आपल्या पेशीला मुळीं भिंतच नसल्यामुळें आपणांस त्याचा धक्का लागत नाहीं. बुरशीची गोष्ट वेगळी. ती झाडासारखी एका जागीं वाढत असली तरी वनस्पति नव्हे. जीवांच्या वंशवृक्षांत तिची फांदी वनस्पतींपेक्षां प्राण्यांच्याच अधिक जवळ आहे. तिच्या पेशींत केंद्रक आहे, आपल्याहि पेशींत आहे. तिच्या पेशीचा पुष्कळसा कारभार आपल्यासारखाच चालतो. भाऊबंदावर उगारलेली काठी आपल्याच डोक्यांत बसण्याचा संभव येथें फार.

सुदैवानें एक फरक आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. तो लवचिक पण घट्ट राहावा म्हणून आपल्या पेशी त्यांत कोलेस्टेरॉल घालतात. बहुतेक बुरशी कोलेस्टेरॉलचें भावंड म्हणावें असें एर्गोस्टेरॉल घालतात. बुरशीविरुद्धचें बरेचसें वैद्यक या एवढ्याशा फरकावर उभें आहे. अँफोटेरिसिन हें तयार एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतें. तें जोरकस खरें, पण शिरेंतून द्यावें लागतें आणि मूत्रपिंडांना त्याचा त्रास होतो. दुसरा वर्ग अझोल औषधांचा. एर्गोस्टेरॉल बनविणाऱ्या कारागिरांपैकीं एका एन्झाइमलाच हीं औषधें अडवून धरतात. माल तयार होत नाहीं, पापुद्रा विसकटतो आणि बुरशीची वाढ खुंटते. फ्ल्युकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल हीं या घराण्यांतलीं नांवें. यांची गोळी तोंडानें घेतां येते, घरीं राहून घेतां येते, आणि आवश्यक तर महिनोन्महिने घेतां येते. तिसरा वर्ग एकायनोकँडिन या नांवाचा. तो बुरशीच्या पेशीभिंतीवर घाला घालतो, पण तोहि शिरेंतूनच द्यावा लागतो. शरीरांत खोलवर शिरलेल्या बुरशीशीं लढण्यासाठीं डॉक्टरांच्या हातीं मुख्य वर्ग आहेत ते एवढेच. त्यांत अझोल हा रोजच्या वापराचा आधारस्तंभ.

आतां रुग्णालयांतून शेतावर जावें. शेतकऱ्याचें बुरशीशीं वैर डॉक्टरांच्या वैराहून जुनें आहे. फ्रान्समध्यें बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं १८८५ सालीं मोरचूद व चुना यांचें मिश्रण द्राक्षवेलीच्या केवडा रोगावर उपाय म्हणून प्रसिद्ध केलें. बोर्डो मिश्रण या नांवानें तें महाराष्ट्रांतील द्राक्षबागांतहि परिचयाचें आहे. मोरचुदांतील तांबें बुरशीवर एकाच वेळीं अनेक ठिकाणीं मारा करतें, म्हणून बुरशीला त्यांतून सहसा पळवाट काढतां येत नाहीं. परंतु तें पानाच्या पृष्ठभागावरच राहतें. पाऊस आला कीं धुऊन जातें. यासाठीं पानाच्या आंत शिरून रक्षण करणारें औषध शेतकऱ्याला हवें होतें. १९७० च्या दशकांत असें औषध हातीं आलें, आणि तें अझोल घराण्यांतलेंच निघालें. गव्हाचा तांबेरा, द्राक्षाची व आंब्याची भुरी, भाताचे व फुलझाडांचे कित्येक रोग यांवर त्यानें चांगलें काम दिलें. आज कृषि सेवा केंद्रांत मिळणाऱ्या बाटल्यांवर हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल अशीं नांवें असतात. औषधाच्या दुकानांतील व्होरिकोनॅझोल आणि हीं नांवें एकामागून एक मोठ्यानें उच्चारून पाहावींत; शेंपूट एकच आहे हें कानालाच कळतें. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाहि येथें कांहींतरी नातें असावें असा संशय यावा. तसा तो शास्त्रज्ञांनाहि आला, पण पुष्कळ उशिरां.

या कथेंतील मुख्य पात्र म्हणजे अॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी. अॅस्परजिलस हें कुळाचें नांव फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरूनें १७२९ सालीं ठेवलें. सूक्ष्मदर्शकाखालीं तिचा आकार त्याला चर्चमध्यें तीर्थ शिंपडण्याच्या दांडीसारखा दिसला. त्या दांडीचें लॅटिन नांवच त्यानें या कुळाला दिलें. तीर्थाऐवजीं ही दांडी बीजाणु शिंपडते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील दोन-तीन भागांएवढा हा बीजाणु; वाऱ्याच्या मंद झुळुकीबरोबर तो मैलोगणती जातो. जगांत राहणारें प्रत्येक माणूस दररोज असे कित्येक बीजाणु श्वासाबरोबर आंत घेतें आणि निरोगी माणसाच्या फुफ्फुसांतील रक्षक पेशी ते गिळून टाकतात. कोणाला पत्ताहि लागत नाहीं.

या बुरशीचें खरें घर माणूस नव्हे, कुजणारा पालापाचोळा हें तिचें घर. खताच्या ढिगांत हात घातला तर आंत चांगलीच ऊब लागते. ढीग मोठा असला तर आंतील उष्णता ५० अंश सेल्सिअसच्याहि वर जाते. इतर बहुतेक बुरशींना ही उष्णता सोसत नाहीं. हिला ती मानवते. आणि जी ५० अंशांत सुखानें नांदते तिला माणसाच्या शरीराचे ३७ अंश म्हणजे कांहींच नव्हेत. बुरशीच्या लाखों जातींपैकीं माणसाला रोग देणाऱ्या जाति कांहीं शेंच आहेत याचें एक मोठें कारण आपल्या अंगाची ऊब हें होय. ज्या थोड्या जातींना ही ऊब अडवूं शकत नाहीं त्यांत ही अग्रभागीं आहे.

रक्षक पेशी दुबळ्या झाल्या म्हणजे हिला संधि मिळते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चाललेले रुग्ण, अवयवरोपण झालेले रुग्ण, तीव्र इन्फ्ल्युएन्झानें किंवा कोविडनें कृत्रिम श्वासावर असलेले रुग्ण यांच्या फुफ्फुसांत ती मूळ धरते. भारताच्या दृष्टीनें आणखी एक वर्ग फार महत्त्वाचा आहे. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश या देशांत आहेत. क्षय बरा झाला तरी फुफ्फुसांत कित्येकदां पोकळी राहते आणि त्या रिकाम्या पोकळींत ही बुरशी बिऱ्हाड करते. रोग्याला पुन्हां खोकला येतो, वजन घटतें, खोकल्यांतून रक्त पडतें. क्षय उलटला असें समजून पुन्हां क्षयाचेंच औषध सुरू होतें आणि गुण येत नाहीं. योग्य निदान झालें तर अझोलची गोळी निदान सहा महिने घ्यावी लागते. अशा रोग्याच्या हातची ही गोळी निकामी झाली तर त्याला दुसरी तोंडानें घेण्याजोगी गोळी देण्यास वैद्यकाजवळ जवळजवळ कांहीं नाहीं.

ती निकामी होऊं लागली आहे हें प्रथम स्पष्टपणें ध्यानांत आलें नेदरलँड्समध्यें. नायमेखेन येथील विद्यापीठ-रुग्णालयांत प्राध्यापक पॉल फरवाय व त्यांचे सहकारी यांनीं वर्षानुवर्षें जतन केलेले या बुरशीचे नमुने तपासले. १९९८ पूर्वींच्या नमुन्यांत जें दिसत नव्हतें तें त्यानंतरच्या नमुन्यांत दिसूं लागलें: अझोल औषधांना दाद न देणारी बुरशी. औषध अर्धवट घेतल्यानें रोग्याच्या शरीरांतच जंतु निर्ढावतो ही गोष्ट डॉक्टरांना अपरिचित नव्हती. परंतु येथें चमत्कार असा कीं, ज्या रुग्णांनीं जन्मांत कधीं अझोलची गोळी घेतली नव्हती त्यांच्याहि फुफ्फुसांत ही निर्ढावलेली बुरशी सांपडत होती. रुग्णाच्या शरीरांत ती निर्ढावली नसेल, तर मग ती बाहेरूनच तशी आली असली पाहिजे.

दुसरा पुरावा याहून बोलका होता. निरनिराळ्या गांवच्या, एकमेकांना कधींहि न भेटलेल्या रुग्णांमधील बुरशींत तोच एक बदल पुनःपुन्हां आढळे. शाळेंत शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्या कोणाहि गुरुजीला हा प्रकार ओळखीचा वाटेल. दहा मुलांनीं दहा निरनिराळ्या चुका केल्या तर त्या त्यांच्या स्वतःच्या. पण दहा वह्यांत तीच एक ओळ दोनदां लिहिलेली आढळली तर सर्वांनीं एकाच वहींतून उतरून घेतलें हें उघड होतें. येथेंहि अक्षरशः तसेंच झालें होतें. अझोल ज्या एन्झाइमला अडवितें त्याच्या जनुकाच्या आधीं, तें एन्झाइम किती बनवावें याचा हुकूम देणारा एक मजकूर असतो. त्यांतील ३४ अक्षरांचा तुकडा या बुरशींत दोनदां उतरलेला होता. हुकूम दुप्पट जोरानें सुटे आणि एन्झाइम भरमसाट तयार होई. शिवाय त्या एन्झाइमच्या ९८ व्या जागेवरचा एक घटक बदलून त्याच्या जागीं दुसरा बसला होता, त्यामुळें औषधाला तेथें नीट पकड मिळेना. असा दुहेरी बदल निरनिराळ्या रोग्यांच्या शरीरांत स्वतंत्रपणें घडणें संभवनीय नाहीं. उतरून घेण्याची मूळ वही बाहेर कोठेंतरी होती.

ती वही शेतांत व बागेंत सांपडली. मातींत, कुजणाऱ्या पाल्यांत, तीच दुहेरी खूण असलेली बुरशी मिळाली. फरवाय यांच्या गटानें २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत शेतीची पांच अझोल औषधें, त्यांच्या रेणूंचा आकार पाहतां, माणसांच्या अझोल औषधांशीं अगदीं मिळतींजुळतीं असल्याचें दाखविलें. त्या पांचहि औषधांना नेदरलँड्समध्यें १९९० ते १९९६ या काळांत परवानगी मिळालेली होती, आणि निर्ढावलेल्या बुरशीचा पहिला नमुना होता १९९८ चा. कालक्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे हें खरें. पण जनुकांतील खूण, रेणूचा आकार आणि कालक्रम हीं तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवूं लागलीं म्हणजे तें दुर्लक्षून चालत नाहीं.

यांत शेतकऱ्यानें या बुरशीवर कधीं औषध मारलेंच नव्हतें ही गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. ती पिकाचा रोगच नव्हे. डच शेतकरी ट्युलिप फुलांचे कांदे लावण्यापूर्वीं बुरशीनाशकांत बुडवून काढतात, तें त्या कांद्यांच्या स्वतःच्या रोगांसाठीं. परंतु टाकाऊ कांदे, सालपटें व पाला यांचे ढीग पडतात. त्या ढिगांत औषधाचा थोडथोडा अंश राहतो. आणि ढीग हें तर अॅस्परजिलसचें माहेरघर. औषध तिला मारण्याइतकें नसतें, शिकविण्याइतकें असतें. कोट्यवधि बीजाणूंमधून जे सोसूं शकतात ते उरतात, त्यांची प्रजा वाढते, आणि ढीग हलविला कीं ती वाऱ्यावर स्वार होते. डच संशोधकांना २०१९ पर्यंतच्या अभ्यासांत अशीं 'तापलेलीं ठिकाणें' सांपडलीं तीं मुख्यतः फुलांच्या कांद्यांचा कचरा, बागकामाचा पाला आणि लांकडाच्या ढलप्या यांच्या ढिगांत. उभें पीक तेवढें दोषी नव्हतें. दोष साचलेल्या ढिगाचा अधिक.

वाऱ्याशिवाय व्यापारहि बीजाणूंना वाहून नेतो. आयर्लंडमध्यें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत डब्लिन येथें विकत घेतलेल्या, नेदरलँड्सहून आलेल्या फुलांच्या कांद्यांवर निर्ढावलेली बुरशी जिवंत आढळली. ज्या माणसाच्या खिडकीखालीं ते कांदे लावले जावयाचे त्याला शेती कशाशीं खातात हेंहि ठाऊक नसेल.

आणि भारतांत? दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ मध्यें याचें उत्तर दिलें. चहाचे मळे आणि भातशेतें यांची माती, रुग्णालयाच्या बागेंतील कुंड्या, इतकेंच नव्हे तर रुग्णालयांतील हवा, अशा अनेक ठिकाणांहून त्यांनीं नमुने गोळा केले आणि त्यांत तीच ३४ अक्षरांची खूण असलेली बुरशी मिळाली. विशेष असें कीं या भारतीय नमुन्यांचा जनुकीय ठसा एकच होता. एकच वंश देशांत पसरत चालला आहे असा याचा अर्थ. खेडें आणि शहर यांच्यामध्यें बीजाणूला जकातनाका नाहीं.

या सर्वाची किंमत रुग्णशय्येवर मोजली जाते. नेदरलँड्समध्यें २०११ ते २०१५ या काळांत या बुरशीनें फुफ्फुसांत आक्रमण केलेल्या १९६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील ३७ जणांची बुरशी व्होरिकोनॅझोलला दाद देणारी नव्हती. औषधाला दाद देणाऱ्या बुरशीच्या रुग्णांपैकीं सहा आठवड्यांत २८ टक्के दगावले. न देणाऱ्यांपैकीं ४९ टक्के. उत्तम रुग्णालयें, उत्तम डॉक्टर, सर्व साधनें हाताशीं असतांनाचा हा हिशेब आहे. त्यानंतर तेथील डॉक्टरांनीं आपला परिपाठ बदलला आणि चांचणीचा निकाल येण्याची वाट न पाहतां पहिल्या दिवसापासून दोन औषधें जोडीनें देण्याचें धोरण स्वीकारलें. जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२२ मध्यें रोगकारक बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली. तींत १९ नांवें असून अत्यंत निकडीच्या चार नांवांत अॅस्परजिलस फ्युमिगेटस आहे.

त्या चारांतील दुसरें नांव कँडिडा ऑरिस या यीस्टचें. हिचें वर्णन २००९ मध्यें जपानांत प्रथम झालें आणि अल्पावधींत ती जगभरच्या अतिदक्षता विभागांत पोंचली. दिल्लीच्याच संशोधकांनीं २०२२ मध्यें बाजारांतील सफरचंदें तपासलीं तेव्हां ६२ पैकीं ८ फळांच्या सालीवर ती मिळाली. आणि तीं फळें साठवणींतलीं होतीं, झाडावरून ताजीं उतरविलेलीं नव्हतीं. साठवणीच्या फळांना बुरशीनाशक लावलेलें असतें हें या संदर्भांत सूचक आहे. तथापि त्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असें म्हणणें घाईचें होईल. सफरचंद धुऊन खावें, घाबरून टाकून देऊं नये.

येथवर वाचून शहरांतील वाचक शेतकऱ्याकडे बोट दाखवूं लागेल तर तो अन्याय होईल. मुळांत भुरीनें घड काळवंडूं लागले म्हणजे बागाईतदाराच्या सबंध वर्षाचें उत्पन्न आणि डोक्यावरचें कर्ज यांमध्यें एक फवाराच उभा असतो. त्याला या रसायनाचें नातें कोणीं समजावून सांगितलें आहे? शिवाय शहरी घरांतहि एक लहानसें शेत आहे. तें म्हणजे कातडीवरचा गजकर्ण. खाज सुटली कीं दुकानांतून डॉक्टराच्या चिठ्ठीवांचून एक नळी आणावयाची. त्या मलमांत बुरशीनाशक असतें, बॅक्टेरियानाशक असतें आणि बहुधा तीव्र स्टेरॉइडहि असतें. स्टेरॉइडनें खाज तात्काळ थांबते, म्हणून चार दिवसांनीं नळी कोपऱ्यांत पडते; बुरशी मात्र जिवंत राहते आणि शिकते. याच अंगणांत वाढलेल्या, टर्बिनाफिन या नेहमींच्या औषधाला न जुमानणाऱ्या गजकर्णाच्या बुरशीचें २०२० मध्यें नामकरण झालें. त्या ट्रायकोफायटन इंडोटिनिये या नांवांत भारताचें नांव कायमचें गोंवलें गेलें आहे. ही बुरशी आतां युरोप-अमेरिकेंतहि पोंचली आहे. शेताच्या ढिगांत जें अजाणतां घडलें तें दिवाणखान्यांत हातीं नळी धरून घडलें, एवढाच भेद.

अझोलची कथा झाली ती झाली; पुढें तरी शहाणपण सुचेल अशी अपेक्षा असते. म्हणून ऑलोरोफिम या नव्या औषधाची हकिकत काळजी लावणारी आहे. इंग्लंडमध्यें मँचेस्टर येथें जन्मलेलें हें औषध अगदीं नव्या जागीं घाव घालतें: बुरशीला जनुकद्रव्याच्या विटा घडविण्यासाठीं लागणारें एक एन्झाइम तें बंद पाडतें. अझोलला न जुमानणाऱ्या अॅस्परजिलसवरहि तें चालतें, आणि गोळीच्या रूपानें देतां येतें. कित्येक वर्षें त्याच्या चांचण्या चालू होत्या. २०२३ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं अधिक माहिती मागवून परवानगी पुढें ढकलली. पण त्याच्या आधींच, २०२२ मध्यें, त्याच अमेरिकेंत इपफ्लुफेनोक्विन नांवाच्या शेतीच्या बुरशीनाशकाला परवानगी मिळून गेली होती, आणि तें याच एन्झाइमवर काम करतें. मँचेस्टरच्या संशोधकांनीं प्रयोगशाळेंत अॅस्परजिलस इपफ्लुफेनोक्विनच्या सहवासांत वाढविली; जी टिकली ती ऑलोरोफिमलाहि दाद देईना. हा निष्कर्ष २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. रुग्णाला पहिली गोळी मिळण्यापूर्वींच तिचा पाडाव करण्याची तालीम शेतांत सुरू होण्याचा हा संभव. अशीच दुसरीहि एक जोडी, फॉसमानोजेपिक्स हें औषध आणि अमिनोपायरिफेन हें बुरशीनाशक, याच मार्गावर आहे.

एकाच घराण्यांतील एक औषध माणसाला आणि दुसरें पिकाला, ही जोडी महाराष्ट्राला नवी नाहीं. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तेथील संशोधन-विभागांत डॉ. एम्. जे. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० च्या दशकांत मातींतील सूक्ष्म जीवांपासून बुरशीविरुद्ध दोन प्रतिजैविकें मिळविलीं. पहिलें हॅमायसिन; कारखान्याच्या नांवाचीं आद्याक्षरें त्यांत आहेत, आणि तें देणाऱ्या सूक्ष्म जीवाला पिंपरीवरून 'पिंप्रिना' म्हटलें गेलें. तें माणसासाठीं. दुसरें ऑरिओफंजिन, तें पिकांसाठीं. दोन्हीं अँफोटेरिसिनच्याच घराण्यांतलीं. एका मराठी गांवाचें नांव सूक्ष्म जीवाच्या शास्त्रीय नांवांत जाऊन बसलें ही कौतुकाची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत कां नसावी, कोण जाणे. या घराण्याच्या बाबतींत पुढें अझोलसारखा गोंधळ माजला नाहीं, याचें श्रेय मात्र कोणाच्या दूरदृष्टीस देतां येत नाहीं. हीं औषधें तयार एर्गोस्टेरॉललाच जाऊन भिडतात, आणि आपल्या पापुद्र्याचा पायाच बदलणें बुरशीला फार महाग पडतें.

दूरदृष्टीला अडचण आहे ती कचेऱ्यांच्या रचनेंतच. भारतांत शेतीच्या औषधांना परवानगी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं, कृषि खात्याच्या फरीदाबाद येथील मंडळाकडून मिळते. माणसांच्या औषधांना ती १९४० च्या औषधि कायद्याखालीं आरोग्य खात्याकडून. दोन दरवाजे, दोन टेबलें, दोन फायली. बॅक्टेरियांच्या बाबतींत या दोन टेबलांमधलें अंतर एकदां थोडें कमी झालें होतें: डाळिंबावरील तेल्या रोगासाठीं फवारल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणावर बंदी घालण्याचा मसुदा केंद्र सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें काढला, कारण स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयाचेंहि औषध आहे. बुरशीनाशकांच्या बाबतींत अमेरिकेच्या पर्यावरण-विभागानें सप्टेंबर २०२३ मध्यें दोन्हीं बाजूंचा एकत्र विचार करण्याची एक योजना चर्चेसाठीं मांडली. युरोपीय संघाच्या पांच संस्थांनीं जानेवारी २०२५ मध्यें अझोलवर संयुक्त अहवाल दिला.

कायद्याची वाट न पाहतांहि करतां येण्याजोग्या गोष्टी आहेत, आणि त्या साध्या आहेत. पीक तेंच, फवारा तोच, असें वर्षभर न चालवितां निरनिराळ्या गटांचीं औषधें आळीपाळीनें वापरणें. जेथें मोरचूद किंवा गंधक यांनीं भागतें तेथें त्यांनींच भागविणें. मातींतून येणाऱ्या मर व मूळकूज यांसारख्या रोगांवर ट्रायकोडर्मा ही मित्र-बुरशी शेणखतांत मिसळून देणें. ही ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीला विळखा घालून खाऊन टाकते. बुरशीवर बुरशीच सोडण्याची ही युक्ति महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. भुरीपुढें मात्र ती अपुरी पडते, हेंहि सांगितलें पाहिजे. नाशिक व सांगलीच्या बागांत एप्रिलमध्यें खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. छाटलेल्या काड्या व पाला बांधावर रचला जातो आणि फवाऱ्याचा अंश त्यांवर असतो. डच ढिगांत जें घडलें तें या ढिगांत घडतें कीं नाहीं हें मातीचे व हवेचे नमुने घेऊन पाहणें कोणत्याहि कृषि विद्यापीठाला अवघड जाऊं नये. आणि तपासणीच्या दुसऱ्या टोकाला जिल्हा रुग्णालयांतील क्षय बरा झालेल्या खोकणाऱ्या रुग्णांचे नमुने असले पाहिजेत, म्हणजे दोन्हीं वह्या शेजारीं शेजारीं ठेवून तपासतां येतील.

मोठ्या रुग्णालयांत रक्ताच्या कर्करोगाच्या विभागाबाहेर भेटीस आलेल्या माणसाच्या हातून फुलांचा गुच्छ आणि कुंडी काढून घेतात. पुष्कळांना तें कठोर वाटतें; आजाऱ्याला दोन फुलें दिलीं तर काय बिघडलें, असें म्हणून हुज्जत घालणारेहि असतात. परिचारिका बहुधा कारण सांगत बसत नाहीं. कारण कुंडीच्या मातींत आहे.